एका गुणाची माफी

"एक गुण कमी पडतोय," बँकेतल्या कर्जविभागाच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. "आमच्याकडे साडेसातशे लागतात. तुमचे सातशे एकोणपन्नास आहेत."

समोर बसलेल्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा होता तिथेच होता.

"एक?" त्यांनी विचारलं.

"एकच."

"मग त्याला काही माफी नसते का? थोडं इकडे, थोडं तिकडे?"

हा प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला ही त्या दिवसातली सगळ्यात मोठी घटना होती, पण ते बँकेतल्या बाईंना कळण्यासारखं नव्हतं. भरबाजारात हा प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला असता तर निम्म्या दुकानदारांनी हातातलं माप खाली ठेवून ऐकलं असतं. कारण हे गृहस्थ वजनमापे खात्यातले निरीक्षक होते. बावीस वर्षं बाजारातले काटे तपासायचे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. बाकी सगळीकडे ते ग्रॅमसाहेब.

ग्रॅमसाहेबांकडे मखमलीचं अस्तर लावलेली एक लाकडी पेटी होती. तिच्यात पितळेची वजनं उतरत्या क्रमाने, शहाण्या मुलांसारखी बसलेली असत. सकाळी देवाला हात जोडून झाले की साहेब पेटीलाही हात जोडत, आणि खरं सांगायचं तर पेटीपुढे ते क्षणभर जास्त थांबत. वजन उचलायचं ते चिमट्याने. बोटाचा घाम लागला तर वजन वाढतं, असं ते म्हणत. माणूस मनाचा वाईट नव्हता. रस्त्यात कुणाचं पडलेलं नाणं सापडलं तर दिवसभर मालक शोधत फिरणारा. पण काट्याच्या बाबतीत दयामाया हा शब्द त्यांच्या शब्दकोशात देवाने छापलाच नव्हता.

साहेबांच्या बायकोचं शिवणाचं दुकान होतं, त्याच्यासमोरच्या किराणावाल्याने एकदा हात जोडून म्हटलं होतं, "साहेब, नियमात किलोमागे दोन ग्रॅमची माफी आहे. माझ्या काट्यात एकच ग्रॅम चूक आहे."

"नियमात आहे," साहेब म्हणाले होते. "माझ्यात नाही. नीट करून आणा, मग शिक्का."

आता तोच माणूस एका गुणासाठी माफी मागत बसला होता. बँकेतल्या बाईंनी त्यांच्याकडे खरोखर सहानुभूतीने पाहिलं.

"माझ्यात आहे हो," त्या म्हणाल्या, "पण नियमात नाही. संगणक अर्ज पुढेच घेत नाही. हा तुमचा क्रेडिट रिपोर्ट. घरी न्या, निवांत वाचा. आजवर कुठे कर्ज घेतलंत, हप्ते कधी भरलेत, कोणतं खातं किती जुनं, सगळं आत लिहिलेलं असतं. बरं, घरात आणखी कोणाचं उत्पन्न?"

"बायको शिवते. पण ते सोडा. अर्ज माझाच."

बाईंनी ते सोडलं. ते त्यांनी सोडलं नसतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

कर्ज हवं होतं ते मात्र त्या शिवणाऱ्या बायकोसाठीच. सतरा वर्षं ती रस्त्यावरच्या एका भाड्याच्या खोलीत दुकान चालवत होती. आठ बाय बाराची जागा, पण खिडकी अशी की संध्याकाळपर्यंत दिवा लावावा लागत नसे, आणि काळ्या कापडावर काळा दोरा शिवणाऱ्या माणसाला खिडकीची किंमत विचारावी. जागेची म्हातारी मालकीण आता लेकाकडे राहायला निघाली होती. "जागा विकायची तर आधी तुला," ती म्हणाली होती. "तीन महिने थांबते. नाही जमलं तर मग तो दातांचा डॉक्टर मागे लागलाय." साठवलेल्या पैशांत किमतीच्या तीन वाट्यांपैकी दोन निघत होते. तिसऱ्या वाट्यासाठी कर्ज.

साहेब बँकेतून थेट दुकानात आले. पत्नी एका शाळेच्या गणवेशाची बाही जोडत होती. तिच्या ओठांत नेहमीप्रमाणे सहा-सात टाचण्या होत्या.

"एक गुण," साहेब म्हणाले. "एका गुणाने अडवलं मला. मी आजवर कुणाचं एक नाणं बुडवलं नाही."

"म्ं," पत्नी म्हणाली.

"तेच म्हणतो मी. काटाच चुकीचा असणार."

"म्ं म्ं," पत्नीने मान हलवली आणि बोट स्वतःकडे केलं.

"तू कशाला काळजी करतेस. तू शिलाई बघ, कागद मी बघतो."

टाचण्या तोंडातून काढून उशीला टोचेपर्यंत साहेब रस्त्यापलीकडे पोचले होते.

आता गंमत बघा. बँकेतल्या बाईंनी सांगितलं होतं की रिपोर्ट वाचा. सात पानांचा तो रिपोर्ट साहेबांनी फाईलमध्ये ठेवला आणि फाईल कपाटात ठेवली. बावीस वर्षांची सवय. ताटलीत साखर आहे की तांदूळ, हे ते कधी बघतच नसत. काटा काय दाखवतो तेवढंच बघायचं. एका गुणाचा फरक म्हणजे काहीतरी फाजील वजन चिकटलेलं असणार. ते झटकलं की काटा बरोबर.

त्यांनी विचार केला, आणि फाजील काय ते त्यांना सापडलं. चौदा वर्षांपूर्वी एका बँकेने दिलेलं क्रेडिट कार्ड. वर्षातून एकदा विम्याचा हप्ता त्यावरून जायचा आणि दुसऱ्याच दिवशी साहेब पैसे भरून मोकळे व्हायचे. एरवी ते कपाटात एका पाकिटात, पाकीट एका डब्यात. कार्ड म्हणजे उधारी. उधारी म्हणजे डाग. साहेबांनी अर्ज लिहून कार्ड बंद केलं, कात्रीने त्याचे चार सारखे तुकडे केले, आणि नवा आकडा यायची वाट पाहू लागले.

काही आठवड्यांनी मुलीने फोनवर आकडा काढून दाखवला. मुलगी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि बापाला घाबरायचं तिने शाळेतच सोडलं होतं.

"सातशे तेहतीस," ती म्हणाली.

"वाढला का?"

"बाबा, एकोणपन्नासचे तेहतीस झाले. केलंत काय तुम्ही?"

साहेबांनी सांगितलं. मुलीने कपाळावर हात मारला. "तुमच्याकडचं सगळ्यात जुनं खातं होतं ते. चौदा वर्षं वेळेवर पैसे भरल्याचा पुरावा. तेच कापलंत. म्हणजे कुणी तुमच्याबद्दल चांगलं बोलत होतं आणि तुम्ही त्याला घराबाहेर काढलं."

"पण उधारी नसलेला माणूस चांगला की असलेला?"

"देवाच्या दारात नसलेला. बँकेच्या दारात, घेऊन वेळेवर फेडणारा. ज्याने कधी घेतलंच नाही तो फेडतो की नाही, हे त्यांना कसं कळणार?"

या उत्तरात काहीतरी तथ्य आहे, असा संशय साहेबांना आला आणि त्यांना तो आवडला नाही. म्हणून त्यांनी दुसरा निष्कर्ष काढला: काटाच बिघडलाय. डाग पुसल्यावर उलटा सोळा गुणांनी उतरतो म्हणजे काय. आणि काटा बिघडला असेल तर करायचं काय, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. एक काटा तपासायचा तर तेच वजन दुसऱ्या काट्यावर ठेवायचं, मग तिसऱ्यावर, मग चौथ्यावर.

त्यांनी एक दिवसाची रजा काढली, कागदांचे चार सारखे गठ्ठे केले, आणि चार बँकांत जाऊन कर्जाचे चार अर्ज केले. पहिल्या बँकेने सातशे सत्तावीस सांगितले. दुपारी दुसरीने सातशे बावीस. तिसरी सातशे सोळा. चौथीत पोचेपर्यंत आकडा सातशे आठवर आला होता आणि साहेबांच्या शर्टाच्या वरच्या दोन गुंड्या सुटल्या होत्या.

घरी येऊन ते तक्रार लिहायला बसले. 'चार काट्यांवर एकाच मालाची चार वजने' असा विषय त्यांनी वरच्या बाजूला अधोरेखितसुद्धा केला.

"बाबा, थांबा," मुलगी म्हणाली. "चारही ठिकाणी अर्ज केलात?"

"तपासायला नको?"

"तुम्ही कर्ज मागितलं की ती बँक तुमचा रिपोर्ट मागवते. मागवला की त्याची नोंद होते. एका दिवसात चार नोंदी म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, या माणसाच्या मागे कुणीतरी काठी घेऊन लागलंय. म्हणून आकडा उतरतो."

"म्हणजे बघितलं की उतरतो?"

"आपला आपण बघितला तर काही होत नाही. मी रोज काढून दाखवीन. कर्ज देणाऱ्याने बघितला की उतरतो."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "बघितलं की खाली जाणारा काटा मी आयुष्यात पाहिला नाही."

"लाजाळू आहे," मुलगी म्हणाली.

अशा बातम्या बाजारात सुगंधासारख्या पसरतात. दुसऱ्या दिवशी किराणावाल्याने साहेबांना हाक मारली, साखरेच्या पोत्याशेजारचं स्टूल पुसलं आणि त्यांना बसवलं. खरं तर या माणसाने त्या दिवशी पोट धरून हसायला हवं होतं. पण तो सरळ मनाचा होता, आणि सतरा वर्षं समोरच्या खिडकीत राबणाऱ्या वहिनीला बघत आला होता.

"साहेब, आकडा घसरला म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"चार बँकांत जाऊन आलात. त्यातल्या दोन बँकांतली माणसं माझ्याकडून चहापत्ती नेतात." त्याने आवाज खाली घेतला. "माझं ऐका. काहीतरी हप्त्याने घ्या आणि वेळेवर भरा. मी आधी फ्रीज घेतला, मग हे शटर, मग गाडी. एक हप्ता चुकवला नाही. आकडा चढत गेला."

"किती दिवसांत चढला?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, अर्धा किलो डाळ मागितली, नको म्हणालं, पाव किलो घेतली. किराणावाला मागे वळून "सहा वर्षं लागली, साहेब" असं म्हणेपर्यंत स्टूल रिकामं होतं.

साहेबांना हप्त्यांची चीड होती. सात वर्षांपूर्वी मुलीचा संगणक त्यांनी बारा हप्त्यांत घेतला होता आणि ते वर्ष त्यांना सासुरवासासारखं गेलं होतं. तेव्हापासून घरात हप्त्याचं नाव काढायचं नाही असा नियम होता. पण प्रश्न खिडकीचा होता. त्यांनी मन घट्ट केलं आणि हप्त्याने कपडे धुण्याचं मशीन घेतलं.

घेण्याआधी त्यांनी मशीनची लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरपर्यंत मोजली. न्हाणीघरातला कोपरा मिलिमीटरपर्यंत मोजला. मशीन त्या कोपऱ्यात जणू त्याच्यासाठीच जन्मल्यासारखं बसणार होतं. दोन माणसांनी ते जिन्याने वर आणलं आणि मग कळलं की न्हाणीघराचं दार कुणी मोजलंच नव्हतं.

"चार बोटं कमी आहे," मशीन आणणारा म्हणाला.

"दार पाडायचं का?" दुसऱ्याने उत्साहाने विचारलं.

दार वाचलं. मशीन बाहेरच्या खोलीत राहिलं. दोन दिवसांत त्याच्यावर वर्तमानपत्र आलं, मग चाव्या, मग साहेबांची वजनांची पेटी. पत्नीने त्याच्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि साहेब म्हणाले, "तुझ्यासाठीच आहे हे सगळं." एवढं ऐकल्यावर बिचारी काय बोलणार.

नवं कर्ज, कोरं खातं आणि आणखी एकदा रिपोर्ट मागवल्याची नोंद. आकडा सहाशे चौऱ्याण्णव झाला.

मुदतीला नऊ दिवस उरले होते. त्या रविवारी सकाळी मुलीने कपाटातून फाईल काढली, सात पानं मशीनवर पसरली आणि पहिल्यापासून वाचायला घेतली. साहेब खुर्चीत बसून छताकडे बघत होते.

"बाबा, पान चार. संगणकाचं कर्ज. थकबाकी आहे."

साहेब ताडकन उठले. "शक्य नाही."

"दोन."

"दोन हजार?"

"नुसते दोन. दोन नाणी. सहा वर्षं थकलेली. दर महिन्याला 'थकीत, थकीत, थकीत' असा शिक्का बसत आलाय. तुमचा तो एक गुण गेला तो इथे. एकच का, चांगले पन्नास गेले असतील."

साहेबांनी पान चार स्वतः वाचलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा उजेड पडला की मुलीला वाटलं, यांना बरं वाटत नाहीये. ते आतल्या खोलीत गेले आणि सहा वर्षांपूर्वीची पावती घेऊन आले. पावतीच्या मागे त्यांच्या टपोऱ्या अक्षरात त्रैराशिक होतं.

"त्यांनी शेवटच्या हप्त्याचं व्याज चुकीचं काढलं होतं," ते म्हणाले. "दोन जास्त. मी दाखवून दिलं. हप्ते भरायच्या खिडकीतला माणूस म्हणाला, 'दोनच तर आहेत, भरून टाका.' मी म्हटलं, प्रश्न दोनचा नाही. जेवढं बरोबर तेवढंच भरलं आणि घरी आलो. बघ, हिशेब बघ. मी बरोबर होतो."

मुलीने हिशेब बघितला. पुन्हा बघितला.

"बरोबर होतात, बाबा," ती म्हणाली. "म्हणूनच बाकी राहिलात."

"चूक त्यांची, डाग माझ्यावर?"

"लेखी तक्रार करायची होती. केली असती तर त्यांना दुरुस्त करावंच लागलं असतं. तुम्ही मनातल्या मनात जिंकून घरी आलात." तिने फोन पुढे केला. "आत्ता करू. तक्रार टाकते, पावतीचा फोटो जोडते. पण तपासायला तीस दिवस लागतील असं लिहिलंय."

तीस आणि नऊ यांतला फरक काढायला ग्रॅमसाहेबांना काटा लागला नाही.

ते तसेच दुकानाकडे निघाले. आपल्या तोंडाने पत्नीला सांगायला हवं होतं. दुकानात पोचले तर दारात दातांचा डॉक्टर उभा. हातात फीत, शेजारी मालकीणबाई. "नुसतं मोजून ठेवतो," तो पत्नीला म्हणत होता. "गैरसमज नको. खुर्ची इथे येईल, दिवा तिथे."

पत्नी शिवत राहिली. ओठांत टाचण्या होत्या.

डॉक्टरने फीत भिंतीला लावली. साहेब बघत होते. माणसाने अशा वेळी खरं तर डोळे मिटून घ्यावेत. पण जन्माची खोड कुठे जाते.

"तुमच्या फितीचं टोक झिजलंय," ते म्हणाले. "शून्यापासून नाही, एका सेंटिमीटरपासून सुरू होतेय. भिंत एक सेंटिमीटर मोठी दाखवेल. सरकून लावा."

"अरे हो की," डॉक्टर म्हणाला. "बरं झालं सांगितलंत. दुसऱ्या बाजूने जरा धरता का?"

आणि ग्रॅमसाहेबांनी धरली. आपल्या बायकोचं दुकान दुसऱ्याला देण्यासाठी त्यांनी ते स्वतः मोजून दिलं, आणि अगदी बरोबर मोजून दिलं.

डॉक्टर आणि मालकीणबाई गेल्यावर शिलाई मशीन थांबलं. पत्नीने ओठांतली पहिली टाचणी काढली आणि उशीला टोचली. मग दुसरी. मग तिसरी. साहेब उभे होते. सातवी टाचणी टोचून झाली.

"झालं तुमचं?" तिने विचारलं.

"झालं."

"अडीच महिने मी एक गोष्ट सांगायला बघतेय. मी म्हणते, अर्ज मी केला तर?"

"अगं, माझं हे झालं. तुझं तर कुठे खातंपुस्तकही—"

"आहे," पत्नी म्हणाली. ती उठली, कापडाच्या गठ्ठ्यांमागून दोऱ्यांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात रिळं नव्हती. रबराने बांधलेल्या पावत्या होत्या, जुन्या खाली, नव्या वर. "हे मशीन मी हप्त्याने घेतलं. ते काठ शिवायचंही. इस्त्री, टेबल, खिडकीची जाळी. तुम्हाला हप्ता म्हटलं की ताप येतो, म्हणून बोलले नाही. विचारलंत तेव्हा 'दुकानातून आणलं' म्हटलं. खोटं नव्हतं ते."

तेवढ्यात मुलगी धापा टाकत आली, फोन हातात. बापाची फाईल वाचून झाल्यावर तिला एक साधी गोष्ट सुचली होती, जी अडीच महिन्यांत तिला किंवा बापाला सुचली नव्हती.

"आई, तुझा आकडा काढू?"

आईने अंगठा लावला, चार ठिकाणी हो म्हटलं. मुलीने आकडा बघितला आणि फोन बापाकडे दिला.

आठशे बारा.

साहेबांनी या वेळी मात्र नुसता आकडा वाचला नाही. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळा रिपोर्ट वाचला, मोठ्याने, एखादी आरती म्हणावी तसा. "शिलाई मशीन, चोवीस हप्ते, उशीर शून्य दिवस. काठ शिवण्याचे मशीन, चौदा हप्ते, उशीर शून्य दिवस. इस्त्री, सहा हप्ते, उशीर शून्य." ओळीमागून ओळ.

"दर महिन्याच्या तीन तारखेला," पत्नी म्हणाली. "आधी डबा, मग घरचा बाजार."

"बावीस वर्षं काटे तपासतोय," साहेब म्हणाले, "इतका बरोबर काटा बघितला नाही. आणि तो माझ्या समोरच होता."

"तुम्ही एकदा तरी बघितला का पण," पत्नी म्हणाली, आणि हसली. तिचं हसू असं होतं की माणसाला आपल्या चुकीचीसुद्धा थोडी मजा वाटावी.

तिसऱ्या दिवशी तिघं बँकेत. कर्जविभागाच्या त्याच बाई. त्यांनी पडद्यावर बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली. "अहो, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तोंडात टाचण्या होत्या," पत्नी म्हणाली.

"उत्पन्न शिलाईचं आहे, पगाराचं नाही. म्हणून एक हमीदार लागेल. बाकी सगळं उत्तम."

ग्रॅमसाहेबांनी कॉलर सारखी केली. इतका वेळ त्यांना आपण कुठेच उपयोगी नाही असं वाटत होतं. "मी आहे ना," ते म्हणाले. "सरकारी नोकरी, बावीस वर्षं."

बाईंनी त्यांचं नाव घातलं. पडद्यावर काय आलं ते कुणाला दिसलं नाही, पण बाईंचा चेहरा फार मायाळू झाला.

"तुम्ही राहू द्या," त्या म्हणाल्या. "दुसरं कुणी आहे?"

"समोरचे भाऊ," पत्नी लगेच म्हणाली.

किराणावाला अर्ध्या तासात आला. हाताला साखर, कानावर पेन्सिल. कशावर सही करायची हे त्याने विचारलं आणि का हे विचारलं नाही. त्याचा आकडा सातशे ब्याण्णव निघाला.

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. "ब्याण्णव?"

"तुमचीच कृपा, साहेब," तो सही करत म्हणाला. "इतकी वर्षं दर वेळी एकेका ग्रॅमसाठी परत पाठवलंत. नीट राहायची सवयच लागली."

तो हे टोमणा म्हणून बोलला की मनापासून, याचा साहेबांनी पुष्कळ विचार केला. मनापासूनच बोलला होता, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

मुदतीच्या दोन दिवस आधी जागा पत्नीच्या नावावर झाली. मालकीणबाईंनी जाताना खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला. दातांच्या डॉक्टरला दोन गल्ल्या पलीकडे जागा मिळाली आणि तिथलं मोजमापही साहेबांनीच करून दिलं. कपडे धुण्याचं मशीन दुकानात आलं. दुकानाच्या दारातून ते आरामात गेलं. त्याच्यावर एक फळी टाकली की कापड बेतायला इतकं सोयीचं टेबल दुसरं नाही, असं पत्नीचं मत पडलं. त्याचा हप्ता दर तीन तारखेला साहेब स्वतः पत्र्याच्या डब्यात टाकतात, आणि ती पावतीची तारीख बघून घेते.

पुढे काही महिन्यांनी किराणावाल्याच्या काट्याची वार्षिक तपासणी आली. साहेबांनी मखमलीची पेटी उघडली, चिमट्याने किलोचं वजन उचललं आणि ताटलीत ठेवलं. काट्याने नऊशे नव्याण्णव दाखवले. एक ग्रॅम कमी.

किराणावाल्याने उसासा टाकला आणि काटा पुसायला फडकं घेतलं. दुरुस्तीवाल्याचा नंबर त्याला पाठच होता.

तेवढ्यात मुलगी रस्ता ओलांडून आली. "बाबा, तक्रारीचा निकाल लागला एकदाचा. चूक त्यांची होती, असं लिहून दिलंय. ती दोनची बाकी रद्द, आणि थकीतचे सगळे शिक्के पुसले."

"मग आकडा?"

"चढला एकदम. सातशे एकोणपन्नास."

किराणावाल्याने फडकं हातात धरून साहेबांकडे चोरून बघितलं. समोरच्या खिडकीत मशीन थांबलं होतं. तिथूनही कुणीतरी बघत होतं.

"पुन्हा एक कमी," किराणावाला हळूच म्हणाला. "पुन्हा तक्रार करणार, साहेब?"

ग्रॅमसाहेबांनी ताटलीतल्या वजनाकडे पाहिलं. वर कुठेतरी एक मोठा काटा आहे, रोज त्याच्यावर सगळ्यांना चढावं लागतं, आणि तिथे ग्रॅमाग्रॅमाने मोजत बसले असते तर संध्याकाळपर्यंत बाजारात कोण उरलं असतं, असं काहीसं त्यांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी खिशातून शिक्का काढला, त्यावर हळूच फुंकर मारली, आणि काट्यावर उमटवला.

"साहेब, एक ग्रॅम..." किराणावाल्याचा विश्वास बसेना.

"नियमात माफी आहे," साहेब म्हणाले.

"नियमात पहिल्यापासून होती."

"हो," साहेब पेटी बंद करत म्हणाले. "माझ्यात यायला जरा उशीर झाला."

समोर खिडकीत मशीन पुन्हा सुरू झालं.